वजीर पडल्यावर

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

शेजारच्या मोनाने तिच्या बँकेची डायरी आणून दिली. म्हणाली, "काकू, गोली का टाइम लिखना इसमें." गोळी मला एकच आहे, सकाळची, ती कधी चुकत नाही. एका गोळीवर एवढी जाड डायरी घालवायची म्हणजे पापच. म्हणून दुसरं काहीतरी लिहीन म्हणते.

मी गयाबाई. वय त्रेसष्ट. शाळा चौथीपर्यंत, तीही तुमसरजवळच्या खेड्यात. पुढचं वाचन भिलाईला आल्यावर पोरांच्या पुस्तकांवर आणि मराठी मंडळाच्या वाचनालयात माझं मीच केलं. त्यामुळे बोलते एक आणि लिहिते एक.

नवरा शालिकराम. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये, तिथल्या मिलमध्ये छत्तीस वर्षं. जाऊन दोन वर्षं दोन महिने झाले. वहीत नाव लिहायला हरकत नाही, तोंडाने अजून घेत नाही. शेवटी शेवटी त्यांचे डोळे अधू झाले होते, तेव्हापासून मी पेपर मोठ्याने वाचते. अजूनही मोठ्यानेच वाचते. मोनाला वाटतं माझ्याकडे रोज सकाळी पाहुणे येतात.

आज दिवाणातली त्यांची पेटी उघडली. भूपेंद्र पुण्याहून सारखा म्हणतो, आई, बाबांचं सामान आवर. आवरायला बसले आणि अर्ध्या तासात सगळं होतं तसं परत ठेवलं. दोनच वस्तू बाहेर राहिल्या. बुद्धिबळाचा डबा आणि निळ्या पुठ्ठ्याची वही.

५ जानेवारी, रविवार

देवाजी भाऊजी आले होते, ह्यांचे मिलमधले दोस्त, कुरुदहून, स्कूटरवर, पिशवीभर लाल भाजी घेऊन. हे गेल्यापासून त्यांचा एक आठवडा चुकलेला नाही. कधी भाजी, कधी गॅसवाल्याला फोन, कधी नळाचा वायसर. मी म्हणते सख्खा भाऊ एवढं करणार नाही.

आज सांगत होते की घर विकलं, सोळा फेब्रुवारीला नागपूरला लेकीकडे कायमचे चालले. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. चहात साखर मात्र दोनदा पडली.

मी डबा पुढे केला. "भाऊजी, मले शिकवा हे."

पट पाहून ते उभेच राहिले. "आता ह्या वयात कावून वहिनी?"

"मग कोणत्या वयात? पुढच्या?"

बसले मग. घोडा अडीच घरं, उंट तिरपा, हत्ती सरळ, वजीर कुठेही. हात खिशातून न काढताच सांगितलं. थंडी आहे.

मला शिकायचं कारण लिहून ठेवते. मिलमध्ये जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा खाऊन वीस मिनिटं उरत. खेळणारे बारा आणि पट एक. म्हणून त्यांचा तिथला कायदा असा, की वजीर पडला की डाव संपला. उठायचं, पुढच्या जोडीने बसायचं. १९९६च्या डिसेंबरात त्यांच्या शिफ्टची स्पर्धा झाली, तिलाही हाच कायदा. फायनलला हे आणि देवाजी. आणि ह्यांनी आपणहून, कुणी ढकललं नसताना, आपला वजीर नेऊन देवाजींच्या हत्तीच्या तोंडात ठेवला. हत्तीने खाल्ला. पंच होते पुंडलिक, ते ओरडले, "वजीर पडला!" देवाजींना ढाल मिळाली. ह्यांना स्टीलचा जग.

रिटायर झाल्यावरही लोक ह्यांना दानशूर म्हणायचे. घरी मीही सोडलं नाही. छत्री हरवली की "आज छत्री, त्या दिवशी वजीर." चष्मा हरवला की तेच. सव्वीस वर्षं. ते हसायचे. मीही हसायची. एकदाही विचारलं नाही, की अजी, ठेवला कावून तिथं?

चूक केली होती, की काही पाहिलं होतं? आता मला हे कळायलाच हवं. आणि सोळा तारखेच्या आत, कारण तो डाव ह्यांच्यासमोर बसून खेळलेला माणूस एकच आहे आणि तो चालला नागपूरला.

त्या वर्षाचं आणखी आठवतं म्हणजे, दिवाळीच्या आधी देवाजींची बायको कमला वारली होती. दोन महिने त्यांचा डबा आमच्या घरून जायचा आणि बरेचदा न उघडता परत यायचा. स्पर्धेत त्यांचं नाव ह्यांनीच घातलं होतं, न विचारता.

९ जानेवारी, गुरुवार

वहीतला पहिला डाव मांडून पाहिला. वर ह्यांच्या अक्षरात लिहिलंय, पॅरिस, १८५८. नाटकगृहात खेळलेला डाव. एका बाजूला मॉर्फी नावाचा अमेरिकन, एकवीस वर्षांचा. समोर एक ड्यूक आणि एक सरदार, दोघे मिळून एका बाजूने. नाटक चालू आणि हे पटावर. यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडची माणसं लग्नाला जाऊन मांडवामागे पट मांडायची.

चाली "व", "ह", "उं" अशा खुणांनी लिहिल्यात, आणि पटावरची घरं इंग्रजी अक्षर आणि आकड्याने. दोन तास लागले. पांढरी मॉर्फीची. आधी त्याने घोडा दिला. मग हत्ती दिला. मला वाटलं पोरगं उधळं आहे. सोळाव्या चालीला तर वजीरच नेऊन काळ्या घोड्यापुढे ठेवला! "घोडा वजीर मारतो." पान संपलं.

वजीर पडला म्हणजे हरलाच की. बिचारा. परक्या देशात, एवढ्या लोकांसमोर. पण ह्यांनी हरलेला डाव एवढ्या सुबक अक्षरात का उतरवला असेल? की हेच पाहून ह्यांनाही तशी बुद्धी झाली?

१२ जानेवारी, रविवार

तीन दिवस त्या पोराची कीव केली. आज मोना आली, मेथीचे पराठे घेऊन. मी तिला दाखवलं. "पाय ना, किती गुणी पोरगा आणि कसा हरला."

ती फोनवर खेळते. तिने पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काकू, पन्ना पलटाओ."

"काय?"

"पान पलटा ना काकू! क्वीन गेली म्हणजे गेम खतम असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

पान पलटलं. पुढे एकच ओळ होती. "१७. हत्ती डी-आठ. मात."

ठेवला हत्ती. काळ्या राजाच्या घरात घुसून, त्याला खेटून. मागून उंटाचा जोर, म्हणून राजाला हत्ती मारता येत नाही. पळायला घर नाही. तो घोडा वाटेत उभा होता तोवर वाट बंद होती. वजीर खायला बाजूला सरला आणि वाट उघडली. पांढऱ्याकडे मारणारे शिल्लक दोघेच, एक हत्ती आणि एक उंट. काळ्याकडे वजीर जिवंत, आणि काही उपयोग नाही.

मी "अगं बाई!" म्हणाले ते इतक्या मोठ्याने की मोनाचा पराठा खाली पडला.

म्हणजे जगाचा कायदा वेगळा आणि आमच्या मिलचा वेगळा. हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

१३ जानेवारी

पॅरिसचा डाव चार वेळा मांडला. भाजी करपली. पाचव्यांदा मांडला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. देवाजींना तीळगूळ दिला आणि पट मांडला. पहिला पूर्ण डाव. मी जिंकले! त्यांनी वजीर उघड्यावर ठेवला आणि मी उंटाने टिपला. ते म्हणाले, "वजीर पडला वहिनी, मी हारलो," आणि उठायला लागले. मी म्हटलं, "बसा, मले पूर्ण मात करायची आहे." केली. मोनाशी मी दहा मिनिटांत हरते, पण ती तरुण आहे, डोळे तेज. देवाजी एके काळचे चॅम्पियन. वय माणसाचं काय करतं पाहा.

२१ जानेवारी, मंगळवार

चार डाव झाले, चारही मी जिंकले. भूपेंद्रला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "क्या बात है आई! पण सामान आवरलंस का?"

आज डाव झाल्यावर मी निळी वही काढली. "भाऊजी, ह्यात तुमचा फायनलचा डाव आहे. मले समजावून सांगता का?"

त्यांना लगेच खोकला आला. मग आठवलं की गॅसवर दूध ठेवून आलोय. एकट्या माणसाचं असंच होतं. मी म्हटलं पळा, पळा. स्कूटर सुरू करून ते दोन मिनिटं तशीच घरघरत ठेवून बसले होते, मी खिडकीतून पाहिलं. थंडीत गाडी तापायला वेळ लागतो.

२५ जानेवारी, शनिवार

पाचवा आणि सहावाही जिंकला. वही काढली. आज त्यांच्याकडे इलेक्ट्रिशियन येणार होता. घर विकलंय तरी वायरिंग करून देतायत. फार सरळ माणूस.

२७ जानेवारी, सोमवार

आता माझं मीच पाहायचं ठरवलं. वहीत चाली नाहीत, पेन्सिलीने पट काढलाय. खाली तारीख, १४ डिसेंबर १९९६. "देवाजीशी. पांढरी माझी." कोपऱ्यात काळा राजा. त्याच्या पुढे आणि तिरपं अशी त्याची स्वतःची दोन प्यादी. राजाच्याच रांगेत एक घर सोडून काळा हत्ती. ह्यांचा घोडा जवळच, कडेला. आणि मग एकच ओळ. "वजीर जी-आठ, शह. हत्ती मारतो."

म्हणजे राजाच्या बगलेत वजीर ठेवला. राजा स्वतः मारू शकत नाही, कारण घोड्याचा जोर आहे. म्हणून हत्तीलाच यावं लागलं. इथवर मला समजलं आणि स्वतःचा अभिमान वाटला.

पुढे काय? पान पलटलं. कोरं. त्याच्या पुढचंही. पॅरिसला पान पलटून उत्तर मिळालं, इथे ते भाग्य नाही.

मी घोड्याने तो हत्ती मारला. राजाने घोडा मारला. संपलं.

२९ जानेवारी, बुधवार

प्यादं पुढे ढकलून पाहिलं. काही नाही. पुन्हा घोड्याने हत्ती मारला. पुन्हा राजाने घोडा मारला. मोनाला विचारणार होते, नाही विचारलं. ती एका मिनिटात सांगेल. नवरा माझा, मीच शोधीन.

खरं लिहायचं तर आज भीती वाटली. पुढे काहीच नसलं तर? साधी चूक असली तर? चुका माणूस करतो, त्याचं काही नाही. पण ती चूकच निघाली तर मी सव्वीस वर्षं हसले ते बरोबर ठरेल, आणि ते मला नको आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! आणि कुठे, तर सुपेल्याच्या चौकात, शेअर ऑटोमध्ये.

पिको करायला दिलेल्या साड्या आणायला गेले होते. परतताना ऑटोत मी आतल्या कोपऱ्यात. एका बाजूला लोखंडी पत्रा, दुसऱ्या बाजूला एक भरभक्कम बाई, समोर गुडघ्याला गुडघे लावून तिच्या दोन सुना आणि मांडीवर माझीच पिशवी. चौकात सगळं ठप्प. बोट हलवायला जागा नाही. बाई आपल्याच, कुणी शत्रू नाही, पण मला कोंडलं ते त्यांनीच. एवढ्यात बाहेरून बिहीवालीचा हात आला. त्या दोघी सुनांच्या डोक्यांवरून सरळ माझ्या नाकापुढे पेरू. "ले दाई, बिही, मीठ हे." म्हणजे पेरू गोड आहे.

तो हात डोक्यांवरून आला! घोडाही तसाच येतो. मध्ये कोण बसलंय त्याच्याशी त्याला काही घेणं नसतं.

मी ओरडले, "घोडा!" बाई म्हणाली, "कहाँ?" सगळ्या ऑटोने बाहेर डोकावून पाहिलं.

घरी येऊन चप्पल पायात ठेवूनच पट मांडला. वजीर खायला हत्ती राजाच्या बगलेत येऊन बसला. आता राजाभोवती सगळी त्याचीच माणसं. दोन प्यादी, एक हत्ती, आणि भिंत. हत्तीला मारायचंच नाही! त्याला तिथेच राहू द्यायचा. घोडा फक्त एफ-सातला न्यायचा. शह. राजाला हलायला घरच नाही. आणि घोड्याला मारणारं कुणी नाही, कारण ज्याने मारलं असतं तो हत्ती वजीर खायला गेलाय.

मात. एक चाल राहिली होती. फक्त एक.

मग पेरू तिथेच पटापुढे बसून खाल्ला, न धुता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते सरळ लिहिते.

देवाजी आले. मी पट आधीच मांडून ठेवला होता, वहीतल्यासारखा. पाणी दिलं.

ते पटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मी निघतो. बस चुकन माझी."

"तुमची स्कूटर बाहेर उभी आहे भाऊजी. कोणती बस?"

बसले खाली. मी वजीर उचलून राजाच्या बगलेत ठेवला. "शह."

त्यांनी हत्ती उचलला. हातात धरूनच ठेवला. मग वजीर मारून तिथे टेकवला. मी घोडा ठेवला.

"मात आहे ना भाऊजी? की माझं काही चुकून राहिलं?"

"नाई चुकून राहिलं."

"म्हणजे तुमाले ठाऊक होतं?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हाव. हत्ती हातात होता तवाच दिसलं मले. पण शह होता, दुसरी चालच नव्हती. मी हत्ती ठेवला अन् पुंडल्या वरडला, वजीर पडला! समद्यांनी मले उचलून घेतलं."

"अन् हे?"

"त्याचा हात घोड्यावर होता. त्यानं माझ्याकडं पायलं. मी खाली पायलं. मंग त्यानं तो घोडा उचलला अन् डब्यात ठेवून देला. लोकायसंगं टाळ्या वाजवू लागला."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी उठले नाही.

"कधीच काही बोलले नाई तुमाले?"

"कधीच नाई. तीन नंबर गेटपासून घरापोत सायकलीनं आलो दोघं. वाटेत म्हणे, देवाजी, दिवाळीपासून आज पयल्यांदा हासला तू. बस, एवढंच."

हे त्यांनी मध्येच कशाला सांगितलं कळलं नाही. मी डावाचं विचारत होते.

"सव्वीस वर्षं लोक त्याले हासले, अन् मी ती ढाल घरात ठेवली," ते म्हणाले. "तुमी पण हासत होत्या त मले आणखीच... मी काय करू वहिनी?"

मी म्हटलं, "घरी जा."

५ फेब्रुवारी

पट उचलला नाही. तसाच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

राग आहे, पण कुणाचा हे कळत नाही. कधी देवाजींचा येतो. लाल भाजी आठवली तरी येतो. कधी ह्यांचा येतो. अहो, एक शब्द! बाहेर नका बोलू, मला तरी सांगायचं. मी घरात तरी हसणं बंद केलं असतं. बाहेरच्यांशी तोंड उघडून भांडायचं म्हटलं की ह्यांना आळस. रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तरी "जाऊ दे, त्याले घाई असन." तसंच हे. जिंकलेला डाव आळसाने सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि माझा तर येतोच.

पण खोटं कशाला लिहू, आज सकाळी पेपर वाचून झाल्यावर मी त्यांना मोठ्याने सांगितलं, "तुमचंच बरोबर होतं जी." सांगून बरं वाटलं. भिंतीपलीकडून मोनाने विचारलं, "काकू, कौन आया है?"

१० फेब्रुवारी, सोमवार

पुंडलिकरावांचा फोन. एवढ्या जोरात बोलतात की फोन हातभर लांब धरावा लागतो.

"गयाबाई! ह्या देवाजीले काय झालं? काल चहाच्या ठेल्यावर समदे रिटायरवाले बसलो होतो. हा ढाल घेऊन आला थैलीत! मधात ठेवली अन् म्हणे, हे शालिकरामची आहे, मी हारलो होतो. मंग पट मांडून दाखवलं समद्यायले."

"मग?"

"मंग काय! मी पंच होतो! रूल म्हणजे रूल. वजीर पडला म्हणजे पडला!"

मी विचारलं, "अन् बाकीचे काय म्हणाले?"

"अर्धे म्हणते शालिकराम जिंकला, अर्धे म्हणते रूल. दोन तास झगडा झाला. चहावाल्यानं उठवलं आमाले. बापूरावनं त कप फोडला. आज संध्याकाळी पुन्हा बसून राहिलो आमी, पॉइंट राहिले आहेत."

मला हसू आवरेना. अठ्ठावीस वर्षांनी डझनभर म्हातारे त्या एका चालीवर भांडतायत. ह्यांनी नसता आवाज चढवला, पण बाकावर बसून ऐकलं मात्र असतं, शेंगदाणे खात.

"अन् ढाल कुठं आहे?" मी विचारलं.

"ठेल्यावरच. चहावाला तिच्यावर समोसे ठेवते आता."

असू दे तिथेच. घरी आणून मी काय करणार, पुसत बसणार.

फोन ठेवल्यावर वाटलं, भर ठेल्यावर, सगळ्यांसमोर, मी हरलो होतो म्हणायला त्या माणसाला सोपं गेलं नसेल. देवाजींना फोन लावला. "शनिवारी या. पोहे करते. अन् रिकाम्या हातानं या, भाजी नको."

१५ फेब्रुवारी, शनिवार

आले. उद्या सकाळची गाडी दुर्गहून. दाढी केलेली, नवा सदरा. दारातच उभे.

"या ना, आत या. की तिथून खेळता?"

पट मांडला. आजवर पांढरी ते मलाच द्यायचे. आज मी म्हटलं, मुठीत प्यादी लपवून ठरवू. पांढरी त्यांना निघाली.

आणि मग या माणसाने मला काय मारलं! सहाव्या चालीला माझा घोडा गेला. मी म्हटलं चुकून गेला असेल. नवव्या चालीला हत्ती. मी डोकं खाजवत होते आणि ते पोहे खात होते, पटाकडे न बघता. चौदाव्याला त्यांनी माझा वजीर मारला. एक शब्द न बोलता डब्यात ठेवला आणि वाट पाहत बसले. मीही उठले नाही. वजिराशिवाय आठ चाली झुंजले. पॅरिसचं सगळं आठवून पाहिलं, पण तिथे तो वजीर देऊन मारत होता आणि इथे मी देऊन नुसती मरत होते. बाविसाव्या चालीला ते म्हणाले, "मात."

"माफ करा वहिनी" नाही, "तुमीही चांगल्या खेळल्या" नाही. नुसतं "मात."

मी पटाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊजी, आधीचे सहा डाव?"

"पोहे मस्त झाले," ते म्हणाले.

"मी भूपेंद्रले फोन करून सांगितलं! मोनाले सांगितलं! वाचनालयात सांगितलं!"

"लिंबू आहे का वहिनी थोडं?"

मी लिंबू दिलं नाही. "लबाड आहात तुमी. म्हातारी झाली म्हणून लेकरासारखं खेळवून राहिले होते मले?"

"आता नाई खेळवत."

"आता नाई ना?"

"नाई."

हरले, तर वाईट वाटायला हवं होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि हसू येत होतं. बऱ्याच दिवसांत कुणी मला असं हरवलं नव्हतं. हे रागावले की असे भांडायचे माझ्याशी, बरोबरीने, पोळी कच्ची असली तर कच्ची म्हणायचे. ते गेल्यापासून माझी प्रत्येक पोळी सगळ्यांना छानच लागते.

देवाजींनी घड्याळ पाहिलं. पेट्या बांधायच्या राहिल्यात म्हणाले, गादी गुंडाळायची आहे, किल्ली द्यायची आहे. टोपी घालून उठले.

मी सोंगट्या पुन्हा लावत होते. माझं संपेपर्यंत ते उभे राहिले. मग टोपी काढून पुन्हा बसले.

मुठी पुढे केल्या. त्यांनी उजवी धरली. त्यांना काळी निघाली.

पहिली चाल माझी.